अर्ध्या वारातला हत्ती

मुलीसाठी काही शिवायचं म्हटलं की हात आपणहून चालू लागतात. परकर-पोलकं, झालरीचा फ्रॉक, बाहुलीचं लुगडं, केसांना बांधायची रिबीन. मुलासाठी म्हटलं की तेच हात अडतात. ‘त्याला काय शिवायचं? एक चड्डी नाहीतर सदरा,’ म्हणत कापडाचं बोचकं परत कपाटात जातं आणि वाढदिवसाला बॅटरीवर चालणारी गाडी येते. मला याचं फार वाईट वाटतं. चार ते सात वर्षांच्या मुलासाठी हातानं शिवलेल्या वस्तू आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. त्यांना खर्च जवळजवळ नाही, आणि कारागिरीत त्या फ्रॉकच्या झालरीला तसूभरही हार जात नाहीत.

या वस्तू मुलगा फेकतो, ओढतो, कोंबून भरतो, पावसात नेतो, अंगाखाली घेऊन झोपतो. वरच्या भरतकामावरून त्या जोखायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. बघायचं ते बेतणं, कापडाचा उभा-आडवा धागा, शिवण कुठे दुहेरी घेतली आणि कुठे मोकळी सोडली ते. शिवणारीनं त्या पोराच्या हातापायांकडे किती लक्ष दिलंय, ते तिथे स्वच्छ दिसतं. अशा वस्तूतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

सुरुवात हत्तीपासून करते, कारण कापडाच्या प्राण्यांत हत्तीचा मान पहिला. घोड्याचे पाय बारीक, कापूस भरला तरी ते वाकतात. हरणाची मान लवते. मोराचा सगळा डौल पिसाऱ्यात, आणि पिसारा शिवणं म्हणजे जन्माचं काम. हत्तीचे पाय खांबासारखे, पाठ गोल, मान नावालाच. कापडाला जे सहज जमतं तेच हत्तीचं अंग आहे. जर्मनीतल्या गिंगेन गावी मार्गारेटे श्टाइफ नावाची शिवणकाम करणारी बाई होती. जन्म १८४७चा. लहानपणीच पोलिओनं तिचे पाय गेले, उजवा हातही अधू झाला. १८८०च्या सुमारास एका मासिकातला नमुना पाहून तिनं नमद्याचा छोटा हत्ती शिवला, तो टाचण्या खोचायची गादी म्हणून. घरोघरच्या मुलांनी ती गादी पळवली आणि खेळायला घेतली. त्या हत्तीपासूनच पुढे तिचा जगप्रसिद्ध खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. मोठ्यांनी टाचण्यांसाठी केलेली वस्तू मुलांनी आपली म्हणून निवडली, हे मला या हकिकतीत फार मोलाचं वाटतं.

आता घरचा हत्ती बघू. वडिलांच्या जुन्या चौकटीच्या शर्टाचा. शर्टाची पाठ तेवढी धड राहिलेली असते, ती पुरते. नवं कापड घ्यायचं तर अर्धा वार पुष्कळ झालं. तुकडे मोजके: दोन बाजू, एक पोट, कानांचे चार आणि शेपटीसाठी वेणी घातलेली दोऱ्याची तीन पेडं. नवखा हात बहुधा पोटाचा तुकडा विसरतो. दोन बाजू एकमेकींवर ठेवून कडेनं टीप मारली की हत्तीचा आकार दिसतो खरा, पण तो चपटा होतो, त्याला दोनच पाय असतात आणि उशीवर तो आडवाच पडून राहतो. पोटाचा तुकडा, त्यालाच जोडून चारही पायांच्या आतल्या बाजू, हे ज्या बाईला सुचलं तिचा हत्ती उभा राहतो. आणि उभा राहतो म्हणूनच पोर त्याला चालवतं. त्यातही एक खुबी आहे. पोटाच्या मधोमध एक बारीकसा टक घातला की पाय आत ओढले जातात, नाहीतर कापूस भरल्यावर ते चारी दिशांना फाकतात. बाहेरून हा टक कुणाला दिसत नाही. मी मात्र हत्ती हातात आला की आधी त्याचं पोट बघते.

सोंड म्हणजे परीक्षाच. ती वळायला हवी, आणि कापड आपणहून वळत नाही. आतल्या बाकाला टिपेच्या अगदी जवळपर्यंत, पण टीप न कापता, कात्रीनं बारीक चिरा द्याव्या लागतात. त्या दिल्या नाहीत की उलटवल्यावर सोंडेवर सुरकुत्या पडतात आणि हत्ती दुखणाईत दिसतो. भरताना सोंडच पहिली, चिमूट-चिमूट, पेन्सिलीच्या बोथट टोकानं ढकलत. भरणात काय घालावं यावर शिवणाऱ्या बायकांचं एकमत होणं नाही. शेवरीचा कापूस हलका आणि मऊ, पण हा हत्ती न्हाणीत जाणार असेल तर मी जुन्या बनियनच्या बारीक कातरलेल्या पट्ट्यांच्या बाजूनं आहे. साधा कापूस एकदा भिजला की त्याचे गोळे होतात. बनियनच्या पट्ट्या वाळतात, मोकळ्या होतात, आणि त्यांना वजनही असतं. लहान मुलाला वजन आवडतं. काखेत मारलेला हत्ती काखेत आहे हे त्याला जाणवावं लागतं.

कानांविषयी थोडं सांगायलाच हवं. अंगाची चौकट सरळ बेतलेली असते, उभ्या धाग्यावर, म्हणजे हत्ती ताणला जाऊन वेडावाकडा होत नाही. चांगल्या हाताची बाई कान मात्र उरेब कापते. त्यामुळे चौकटीचे चौकोन कानावर तिरपे, शंकरपाळ्यांच्या आकाराचे दिसतात. शोभा झालीच, पण खरं कारण निराळं आहे. उरेब कापड लोंबतं, लवतं, हलतं. उभ्या धाग्यावरचे कान ताठ राहतात, उरेब कान पळताना फडफडतात. शर्टाचं तेच कापड, दोन दिशांनी कापून त्यातून दोन निराळे स्वभाव काढलेले. याहून मोठी कला मी फार महागड्या वस्त्रांतही क्वचित पाहिली आहे.

डोळे दोऱ्याचेच हवेत. बटणाचा डोळा दिसतो छान, पण तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर ते बटण उपटून तोंडात जातं. अमेरिकेत लहान मुलांची खेळणी तपासताना सुमारे ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारा सुटा तुकडा तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याचा धरतात. सदऱ्याचं कुठलंही बटण त्या नळीत आरामात बसेल. काळ्या दोऱ्याचे दाट भरलेले दोन डोळे, त्यात एक पांढरा टाका, आणि हत्ती बघायला लागतो. हा पांढरा टाका किंचित वर घेतला तर तो पोराकडे बघतो, मध्ये घेतला तर शून्यात. प्रत्येक शिवणारीला हे आपापल्या हातानंच सापडतं.

चेंडूचा थाट वेगळा. लगोरी आणि आबाधुबी हे खेळ चिंध्यांच्या चेंडूवरच वाढले. आबाधुबीत चेंडू दुसऱ्याच्या पाठीत नेम धरून मारायचा असतो. टेनिसचा चेंडू उसळून गटारात जातो, क्रिकेटचा मारला तर खेळ तिथेच संपतो. चिंध्यांचा चेंडू पाठीत बसतो, आवाज होतो, वळ उठत नाही. खेळाचा नियम आणि वस्तूची घडण अशी एकमेकांत गुंतलेली क्वचित दिसते.

तो करायचा कसा, तर आत एक घट्ट गाठोडं. ओल्या चिंध्या एकावर एक ओढून गुंडाळायच्या आणि दर फेरीला दिशा बदलायची. एकाच दिशेनं गुंडाळलं की चेंडूचं अंडं होतं. ओल्या कापडाची फेरी घट्ट बसते. गाठोडं पूर्ण वाळल्याशिवाय वरचं कापड चढवू नये, नाहीतर आत बुरशी धरते. वर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बसवल्या की थोडी उसळी येते. इथपर्यंतचं काम मुलगासुद्धा करतो आणि त्यानं ते करावं. त्यावर पाकळ्यांचं कवच शिवलं की चिंध्यांचा गोळा भेट म्हणून देण्याजोगा होतो. सहा पाकळ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. पाकळीचं पोट किंचित जास्त फुगीर कापलं तर शिवणीला चुण्या पडतात, कमी कापलं तर कापड ताणून उसवतं. घेर मोजायचा, सहानं भागायचा आणि दोन्ही बाजूंना माया धरून कापायचं. गणित एवढंच, पण हाताचा अंदाज त्यात धरावाच लागतो, कारण गाठोडं कधी नेमकं गोल नसतं.

चामड्याचा क्रिकेटचा चेंडूही मुळात शिवलेली वस्तूच आहे, १५५.९ ते १६३ ग्रॅम वजनाची. त्याच्या शिवणीवर जगातले मोठे गोलंदाज पोट भरतात. चिंध्यांच्या चेंडूची शिवणही मुलाच्या बोटांना लागते आणि पाचव्या-सहाव्या वर्षी ती कळते. म्हणून मला पाकळ्या जोडताना शिवण आत लपवणं पसंत नाही. वरून, जाड दोऱ्यानं, उलट्या टिपेनं शिवलेली, बोटाला ठळकपणे लागणारी शिवण हवी. दोन पाकळ्या लाल, दोन पिवळ्या, दोन निळ्या असल्या तर फेकल्यावर फिरकी दिसते. हे सगळं शिंप्याच्या दुकानातून मागून आणलेल्या कातरणांत होतं. खर्च फक्त दोऱ्याच्या रिळाचा.

बाळाच्या कुंचीबद्दल इथे फार लिहीत नाही. खणाची कुंची, तिचे गोंडे, पाठीवर सोडलेला तिचा पदर, हा बारशाचा मान आहे आणि तो तिला मिळतोच. पण पोर धावायला लागलं की कुंची ट्रंकेत जाते, आणि इथे मला धावणाऱ्या पोराचंच बोलायचं आहे.

धावणाऱ्या पोराला सगळ्यात जास्त लागतो तो खिसा, आणि खिसा कायम अपुरा. चिंचोके, गुळगुळीत खडे, बाटल्यांची बुचं, भोवऱ्याची जाळी, तुटलेल्या गाडीचं चाक. त्यासाठी थैली. माझ्या मते मुलासाठी शिवलेल्या वस्तूंत थैलीइतकी नेमकी दुसरी नाही. तिचा उपयोग मुलाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. गोट्यांची थैली घ्या. काचेची साधी गोटी साधारण १६ मिलिमीटरची, वजन पाच ग्रॅमच्या आसपास. चाळीस गोट्या म्हणजे दोनशे ग्रॅमचं घट्ट ओझं, आणि ते पळताना वरखाली आपटतं. मलमलीची थैली एका आठवड्यात तळाशी जाते. मांजरपाट हवं, किंवा जुन्या जीन्सचा पाय. जीन्सच्या पायात एक आयती मौज आहे. बाजूची दुहेरी टिपेची शिवण कारखान्यात झालेलीच असते, म्हणजे तळ बंद केला की थैलीचं निम्मं काम झालं.

तळ चौकोनी ठेवायचा की गोल, यावरून शिवणारीची दृष्टी ओळखावी. गोल तळ देखणा, थैली भरली की ऐटीत बसते, पण गोलाला शिवणं कष्टाचं आणि भार सगळा शिवणीवर. त्याऐवजी साध्या चौकोनी पिशवीचे खालचे दोन कोपरे आतून त्रिकोणी दुमडून टीप मारली की तळाला बैठक येते. त्रिकोण न कापता तसाच आत ठेवला तर तिथे कापडाचे जास्तीचे पदर येतात, आणि थैली झिजते ती नेमकी तिथेच. बसणं आणि टिकणं दोन्ही एका दुमडीत साधणारी ही युक्ती मला अतिशय सुंदर वाटते. ती कुठल्याही पुस्तकाशिवाय घरोघर पोचली आहे.

थैलीला टीप यंत्राचीच हवी, हातशिलाईचा हट्ट धरू नये. यंत्रांवर कठोर बोलणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्राचा अपवाद केला होता. शिलाई मशीनवर १६ नंबरची सुई लावून दोन टिपा, पाव इंचाच्या अंतरानं. हाताचं काम मग नेफ्यात. नेफ्याला दोन्ही बाजूंना भोकं ठेवून दोन नाड्या एकमेकींच्या उलट दिशेनं ओवल्या की दोन्ही हातांनी ओढल्यावर तोंड सारखं मिटतं आणि मुलाला गाठ मारावी लागत नाही. पाच वर्षांच्या बोटांना गाठ मारता येते, पण सोडवता येत नाही. एकाच नाडीची थैली बघितली की मला वाटतं, शिवणारीनं आपली बोटं पाहिली, त्याची पाहिली नाहीत. नाडी मनगटात अडकवण्याइतकीच लांब असावी, गळ्यात घालण्याइतकी नको. युरोपातल्या मुलांच्या कपड्यांच्या मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या गळ्याशी ओढायची नाडी ठेवायला मनाई आहे. झाडावर चढणाऱ्या आणि घसरगुंडीवर लोळणाऱ्या पोरांसाठी तो नियम योग्यच आहे.

आता गोधडी. मुलासाठी वेगळी गोधडी कशाला, असं कुणी विचारेल. मोठ्यांची गोधडी त्याला पेलत नाही म्हणून. तीन फूट बाय चार फुटांची, त्याला स्वतः घडी घालता येईल, खांद्यावर टाकून ओसरीवर नेता येईल अशी. आजीच्या सुती नऊवारीचे पदर आत, वर त्याच्याच आखूड झालेल्या सदऱ्यांचे चौकोन. जुन्या सुती कापडाचा मऊपणा नव्या कापडात कितीही पैसे मोजून मिळत नाही. तो धुण्यानंच येतो, आणि त्याला वर्षं लागतात.

गोधडीत वाचायचा तो धावदोरा. कडेपासून सुरू होऊन तो चौकटीचौकटीनं आत येतो, आणि मध्यभागी पोचेपर्यंत सगळे पदर एकजीव होतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूर भागातले सिद्दी लोक राहतात. ते कोकणी बोलतात, आणि त्यांच्यातल्या बायका ‘कवंदी’ शिवतात. तिचीही चाल हीच, कोपऱ्यातून सुरू होऊन आत जाणारी. तिच्या चारी कोपऱ्यांना कापड दुमडून केलेली त्रिकोणी फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी नागडी, असं त्या मानतात. लहान बाळांसाठीही त्या छोट्या कवंद्या शिवतात, आणि रंगांची निवड इतकी धीट असते की शहरातल्या दुकानांतली निळी-पांढरी मुलांची पांघरुणं त्यांच्यापुढे भित्री वाटतात. मुलासाठी निळा आणि मुलीसाठी गुलाबी हा हिशोब बाजाराचा आहे. चिंध्यांच्या बोचक्याला तो माहीत नसतो. आजीची जांभळी नऊवारी, आत्याचं पोपटी पोलकं, काकाच्या लुंगीच्या चौकड्या, सगळं पोराच्या अंगावर येतं आणि त्याला ते शोभतं.

टाका बारीक हवा असं सगळे म्हणतात. मी तेवढी कडक नाही. गोधडीतला टाका एकसारखा असला की पुरे. दोन बायकांनी दोन टोकांना बसून शिवलेली गोधडी असली तर मध्यात कुठेतरी टाक्याची लय बदलते, एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल. घट्ट हाताच्या बाजूला कापडाला बारीक लाटा येतात, सैल बाजू सपाट राहते. मी हा दोष धरत नाही, उलट तीच जागा पुन्हा पुन्हा बघते. मुलांच्या गोधडीत मात्र एक पथ्य पाळावं: गाठी पदरांच्या आत ओढून घ्याव्या. झोपेत गाल घासणाऱ्या पोराला बाहेरची गाठ सुपारीएवढी लागते.

आणि शेवटी कपडे, कारण त्यांना टाळून हे लिहिणं अपुरं राहील. ‘श्यामची आई’त श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो. मराठी वाचकाला मुलासाठी शिवलेली भेट म्हटलं की बहुधा हाच कोट आठवतो, आणि आपण त्यात भावाचं प्रेम वाचतो, ते बरोबरच आहे. मला त्याबरोबर तो कोटही दिसतो. अंगभर मापं घ्यायला भाऊ समोर नाही, तो गावी, आणि कोट शिवायचा दापोलीत. न पाहता शिवलेला कपडा अंगावर कसा बसेल हा प्रश्न त्या भेटीच्या पोटात आहे. परगावच्या भाच्यासाठी, नातवासाठी शिवणाऱ्या प्रत्येकीचा हाच प्रश्न असतो.

तो सोडवायच्या रीती जुन्या आहेत आणि देखण्या आहेत. सदऱ्याच्या बाहीला खालून दोन इंचांची दुमड ठेवायची आणि ती मशीनच्या टिपेनं न बसवता हातशिलाईनं बसवायची, म्हणजे उसवताना कापडावर भोकांची रांग दिसत नाही. बगलेत कापडाचा छोटा चौकोन तिरपा लावायचा. हात वर केला की सदरा वर ओढला जात नाही, आणि छाती वाढली तरी आणखी एक वर्ष निघतं. चड्डीच्या घेरात आडवा टक घालायचा, पुढच्या जूनमध्ये सोडायला. बाजूच्या शिवणींत माया इंचभर सोडायची. शिंपी घाईत अर्धा इंचच सोडतो, म्हणून कापड देताना त्याला तसं सांगावं लागतं. खांदा मात्र मोठा ठेवू नये. बाकी सगळं सैल चालतं, पण खांदा उतरला की कपडा दुसऱ्याचा वाटतो, आणि मुलाला ते आरशाशिवायही कळतं. खांद्याचं माप म्हणून मागवून घ्यावंच, फोनवर का होईना, आणि मोजताना पोराला सरळ उभं करायला सांगावं. खिसे दोन ठेवावेत, त्यांची तोंडं कापडाची पट्टी लावून बळकट करावीत, आणि उजवा खिसा डाव्यापेक्षा बोटभर खोल शिवावा. डावखुरा असेल तर उलट.